बिनदाराच्या तीनशे किल्ल्या

किल्लीवाल्या काकांचा विश्वास कुणावर चटकन बसत नसे. दुकान बंद केल्यावर ते कुलूप तीनदा ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जात आणि चौथ्यांदा ओढायला परत येत.

"कुलूप तुम्हीच बनवलंय ना?" काकू विचारायच्या.

"म्हणूनच," काका म्हणायचे.

त्यांचं दुकान म्हणजे लाँड्री आणि वह्यांचं दुकान यांच्यामधली फटच. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, समोर घासायचं यंत्र आणि डोक्यावर एक पाटी: 'घराचा कागद दाखवा, मग किल्ली मिळेल.' साबणावर किल्लीचा ठसा उठवून आणणाऱ्यांना ते दारातूनच वाटेला लावत. कुणी म्हणे, आजोबांच्या कपाटाची आहे, कुणी म्हणे, मित्राने सांगितलंय. काका सगळं शांतपणे ऐकून घेत आणि पाटीकडे बोट दाखवत. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातची एकही किल्ली चुकीच्या खिशात गेली नव्हती, आणि हे ते ऐकणाऱ्याला पुरेपूर ऐकवत.

अशा माणसाकडे एका सकाळी खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक ताई आल्या आणि म्हणाल्या, "तीनशे किल्ल्या हव्यात."

"कुठल्या कुलपाच्या?"

"कुठल्याच नाही."

काकांनी यंत्र थांबवलं. चष्मा पुसला. पुन्हा लावला. ताई तिथेच होत्या.

"आमचा निवारा आहे," ताई सांगू लागल्या. "सोळा ते एकवीस वर्षांची मुलंमुली राहतात. कुणाला घरातून काढलंय, कुणाला घरच उरलेलं नाही. जागा बारा जणांची, आणि दर आठवड्याला तीन-चार नवी मुलं दारात उभी. त्यांना परत पाठवावं लागतं. वरचा मजला रिकामा आहे, तो घ्यायचाय. म्हणून येत्या रविवारी चौकात टेबल मांडणार आहोत. जो देणगी देईल त्याला एक किल्ली. तिला चिठ्ठी बांधलेली असेल, 'ही किल्ली कुठल्याच दाराची नाही.' लोकांना कळायला हवं ना, की अशी मुलं आपल्याच गल्लीतून जाता-येता दिसतात."

"म्हणजे खोट्या किल्ल्या देऊन खरे पैसे घेणार."

"असंही म्हणता येईल," ताई हसल्या.

"आणि त्यातली एखादी नेमकी कुणाचं दार उघडून बसली तर?"

हा प्रश्न ताईंच्या डोक्यात आला नव्हता. काकांना मात्र तो पहिल्या वाक्यालाच सुचला होता, आणि समोरच्या बाईला सुचला नाही याचा अर्थ त्यांनी लगेच लावला: एकतर ही बाई फार साधी, नाहीतर फार पोचलेली. तीनशे किल्ल्या, बेघर पोरं, चौकातली गर्दी. यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

"आधी जागा बघेन," ते म्हणाले.

"आजच या. दार उघडंच असतं."

दार उघडंच असतं! काकांच्या मनात शंकेची पाल आणखी मोठ्याने चुकचुकली.

निवारा एका बंद पडलेल्या गॅरेजच्या वर होता. काका आपली अवजारांची पेटी घेऊनच गेले. पेटी हातात नसली की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. जिन्यात चपला ओळीने लावलेल्या. भिंतीवर भांडी कुणी घासायची आणि केर कुणी काढायचा त्याचा तक्ता. खोलीत दोन्हीकडे पलंग, प्रत्येक पलंगाशेजारी पत्र्याचं हातभर कपाट आणि त्याला चिमुकलं कुलूप.

"आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी आम्ही हे कपाट देतो," ताई म्हणाल्या. "जेवणाच्याही आधी. त्याची किल्ली त्याच्याकडेच. दुसरी किल्ली नाही, माझ्याकडेसुद्धा नाही."

काकांनी एक कुलूप बोटांत धरून पाहिलं. "हे तर केसांच्या पिनेने उघडेल."

"काका, करून दाखवा ना!" पलंगावरून एक पोरगा ओरडला आणि सगळी हसली.

काका हसले नाहीत. या वयाच्या मुलांना कुलूप उघडायचं कौतुक का वाटावं, हा हिशोब ते मनात मांडत होते. खिडकीपाशी एक अठराएक वर्षांची मुलगी कुणाच्या तरी कापलेल्या बोटाला पट्टी बांधत होती. पट्टी अशी बांधली की सुरकुती म्हणून नाही. तिला सगळे 'कंपाउंडर' म्हणत. कुणाला ठेच लागो, ताप येवो, तिच्याकडेच जायचं. तिने पट्टीची गाठ मारली, वर बघितलं, आणि तिची नजर काकांच्या पेटीवर खिळली. मग काकांच्या तोंडावर. मग पुन्हा पेटीवर.

ताई चहा आणायला आत गेल्या तशी ती जवळ आली.

"काका, एक विचारू? दाराच्या आत बसवलेलं सात लिव्हरचं कुलूप बाहेरून उघडता येतं? किल्ली नसताना?"

 लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पितळेच्या पट्ट्या. किल्लीच्या एकेका दाताने एकेक पट्टी बरोबर तेवढीच उचलायची असते. एकही केसभर वरखाली झाली तर दांडा हलत नाही. सात पट्ट्यांचं कुलूप ही साध्या चोराची गोष्ट नव्हे. आणि ही पोर पट्ट्या मोजून विचारतेय!

"कुणाचं दार?"

"माझंच."

"मग किल्ली?"

"आहे. पण ती चालत नाही."

माझंच! बत्तीस वर्षं साबणाचे ठसे घेऊन येणारे सगळे हेच म्हणत आले होते. काकांनी पेटी उचलली. चहा घेऊन येणाऱ्या ताईंना जिन्यातूनच सांगितलं, "उशीर होतोय," आणि चालू लागले.

घरी आल्यावर त्यांनी काकूंपुढे सगळं ओकून टाकलं. देणगी हा नुसता देखावा. खरा डाव वेगळाच. आधी तीनशे किल्ल्यांच्या निमित्ताने किल्लीवाल्याशी ओळख काढायची, मग हळूच अवघड कुलपं उघडून घ्यायची.

"आणि मग ती बारा पोरं शहर लुटणार," काकू म्हणाल्या. "कापलेल्या बोटाला पट्टी बांधून."

"थट्टा नको. तिने लिव्हर मोजले होते."

"अहो, सात लिव्हर असं कुलपाच्या दर्शनी पत्र्यावर कोरलेलं असतं. आपल्याही दारावर आहे. मलासुद्धा वाचता येतं."  "संशय असेल तर तोंड फिरवून काय होणार? जवळ जाऊन बघा."

हे मात्र काकांच्या गळी उतरलं. त्यांनी तीनशे किल्ल्या केल्या, पण आपल्या पद्धतीने. पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं साठलेल्या बिघडलेल्या किल्ल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून घेतल्या आणि प्रत्येकीचे दात सपाट घासून टाकले. आता त्या किल्लीसारख्या दिसत होत्या, पण त्यांनी खेळण्यातलं कुलूपसुद्धा उघडलं नसतं. शनिवारी ताई न्यायला आल्या तेव्हा काकांनी तीनशेच्या तीनशे त्यांच्यासमोर मोजून दिल्या. पैसे मात्र घेतले नाहीत. उद्या काही निघालं तर आपण या धंद्यात भागीदार नव्हतो, असं म्हणता यावं म्हणून.

रविवारी चौकात ते फुलवाल्याच्या हातगाडीआड उभे राहिले. डोळ्यांत तेल घालून.

टेबलावर निळी चादर. मागे दोरीवर टांगलेल्या किल्ल्या, वाऱ्याने किणकिणणाऱ्या. देणगीची पेटी दोन कुलपांची होती. एक किल्ली ताईंकडे, दुसरी चौकातल्या औषधांच्या दुकानदाराकडे. ही व्यवस्था काकांना मनातून आवडली, आणि आवडली म्हणून तिचाही संशय आला. कंपाउंडर टेबलापुढे उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होती. एका टापटीप गृहस्थाने किल्ली उलटसुलट करून विचारलं, "हिचं मी करू काय?"

"काही नाही करायचं," ती म्हणाली. "दिवसभर खिशात ठेवा. संध्याकाळी दमून घरी गेलात की दाराशी हीच काढा आणि लावून बघा. उघडणार नाही. आतून भांड्यांचा आवाज येत असेल. दिवा दिसत असेल. तेवढं एक मिनिट उभे राहा, मग तुमची खरी किल्ली काढा."

 गृहस्थांनी पाकीट काढलं, पेटीत नोटा टाकल्या आणि किल्ली वरच्या खिशात जपून ठेवली.

फुलवाला म्हणाला, "पोरगी बोलते झकास."

"बोलणारेच तर—" काका म्हणाले, पण वाक्य पुरं करायला काही सुचेना. भांड्यांचा आवाज, दिवा. हे पाठ केलेलं बोलणं वाटत नव्हतं. गर्दी ओसरल्यावर ते हातगाडीआडून बाहेर आले आणि थेट तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"ते सात लिव्हरचं दार कुठलं? पत्ता सांग."

तिने सांगितला. इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडचं हिरवं दार.

 ते दार त्यांच्या ओळखीचं होतं.

"तुम्हीच बसवलंत ते," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी निवाऱ्यात पेटीवरून ओळखलं. कुलूप बसवून तुम्ही जिना उतरत होतात, मी क्लासहून वर चढत होते. पेटी मोठी म्हणून मी भिंतीला चिकटून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, 'जपून गं बाळा, पायरी ओली आहे.'"

"तिथल्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं, किल्ली हरवलीय म्हणून. माझ्या वहीत तसं लिहिलंय."

"ते माझे मामा. आई गेल्यावर त्यांनीच सांभाळलं. मला अठरा पूर्ण झाली आणि त्यांच्या ओळखीच्या दुकानात कामाला लाग म्हणाले. मी म्हटलं, मला नर्सिंगला जायचंय. आठ दिवस घरात कुणी बोललं नाही. नवव्या दिवशी तुम्ही आलात."

तिने गळ्यातला दोरा ओढून वर काढला. त्याला किल्ली होती.

"हरवली नव्हती," ती म्हणाली.

मग उरलेलं ताईंनी सांगितलं. मुलीला नर्सिंगच्या यादीत जागा मिळाली होती. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, जन्माचा कागद, सगळं मामाच्या घरात. दुसऱ्या प्रती मिळायला दोन महिने, आणि मूळ कागद दाखवायची मुदत उद्या, सोमवारी, पाच वाजेपर्यंत. ताईंनी मामांना फोन केले तर 'नंबर चुकला'. स्वतः गेल्या तर दार उघडलं नाही. तक्रार केली तर घरगुती मामला आहे, पुढच्या आठवड्यात या.

"म्हणून विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "घरात शिरायचं नव्हतं. फक्त कागद घ्यायचे होते."

इथे कुणीही विरघळलं असतं. काका नाही विरघळले. गळ्यात किल्ली कुणालाही घालता येते, असं त्यांचं मन म्हणत होतं. "माझ्याबरोबर दुकानात चला," ते म्हणाले. "दोघी."

काकांची एक सवय होती. बदललेलं जुनं कुलूप ते स्प्रिंगा आणि पट्ट्या काढायला घेऊन येत आणि पत्त्याची चिठ्ठी तारेने बांधून फळीखालच्या पोत्यात टाकत. त्यांनी पोतं फूटपाथवर उपडं केलं. गंजकी, वाकडी, अर्धी उघडलेली कुलपं. लाँड्रीवाला इस्त्री सोडून बघायला आला. बऱ्याच वेळाने त्या पत्त्याची चिठ्ठी सापडली.

"दे," काकांनी हात पुढे केला.

मुलीने किल्ली दिली नाही. "मी लावते," ती म्हणाली. तिचा तरी त्यांच्यावर विश्वास का असावा?

तिने किल्ली घातली, जरा वर उचलून फिरवली, कारण त्या कुलपाला तशीच फिरवावी लागे आणि हे त्या घरात राहिलेल्यालाच माहीत असणार. दांडा खट्कन आत गेला. दार नसलेलं ते कुलूप तिच्या तळहातावर उघडलं.

काका पोत्यावरच बसले. बत्तीस वर्षं ते एकच प्रश्न विचारत आले होते: आत शिरणारा कोण? कुलूप बदलताना बाहेर कोण राहणार, हे विचारावं असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. घराचा कागद मामाने दाखवला होता. कागद अगदी खरा होता.

"उद्या तीन वाजता," ते म्हणाले. "तुम्ही दोघी जिन्याच्या खालच्या वळणावर थांबा. मी दार उघडणार नाही. उघडायला लावीन."

कुलूप बसवल्यावर सहा महिन्यांनी काका स्वतः जाऊन ते अडकू नये म्हणून त्यात शिसपेन्सिलीची पूड सोडत आणि ते तपासत. फुकट. त्यामुळे ते बेल वाजवत तेव्हा लोक दार उघडत.

सोमवारी मामांनी दार उघडलं, पण साखळी न काढता. त्यांनीही काकांना आपादमस्तक न्याहाळलं.

"सहा महिन्यांनी येईन म्हणालात. पाचच झालेत."

"महिनाभर आधी आलोय. कारण आहे." काकांनी पिशवीतून जुनं कुलूप काढलं आणि मुलीने एका दिवसापुरती दिलेली किल्ली त्यात घालून फिरवली. "ही हरवली नव्हती. तुमच्या सांगण्यावरून माझ्या वहीत खोटं लिहिलं गेलंय."

मामांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "तिने पाठवलंय होय? किती पैसे दिले तुम्हाला?"

"तिच्याकडे पैसे असते तर चौकात उभी राहिली असती का? तिचे शाळेचे कागद द्या. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही."

"हा आमचा घरगुती मामला आहे."

"असेल. पण कुलूप माझं आहे."

आवाज ऐकून समोरचं दार उघडलं. शेजारच्या आजी पदर सावरत बाहेर आल्या. "काय हो, कुलूप बिघडलं का?"

"कुलूप उत्तम आहे, आजी," काका वळून म्हणाले. "ज्या मुलीला बाहेर ठेवायला बसवलं, ती अजून बाहेरच आहे."

"बाहेर? अहो, ती तर परगावी शिकायला गेली म्हणाला होतात! मागच्याच आठवड्यात विचारलं मी तुम्हाला, पत्र येतं का म्हणून, आणि तुम्ही हो म्हणालात!"

मामा काही बोलायला गेले आणि त्यांच्या मागून मामींचा हात पुढे आला. हातात गुंडाळी केलेली, रबर लावलेली फाईल होती. ती साखळीच्या फटीतून बाहेर आली, तेवढीच. इतक्या लवकर आली की ती शोधावी लागलेली नसणार, कुठेतरी हाताशीच ठेवलेली असणार. मामींचा चेहरा काकांना दिसला नाही. मामांनी दार लावलं. सात लिव्हर एका दमात बसल्याचा आवाज आला. काम चोख केलं होतं काकांनी.

खालच्या वळणावर मुलीने फाईल पायरीवर उघडली. गुणपत्रिका. दाखला. जन्माचा कागद. तिने प्रत्येक कागद उजेडाकडे धरला, मागून-पुढून वाचला. मग फाईल काकांपुढे धरली.

"मला कशाला?"

"बघून घ्या. सवय आहे तुमची."

ताईंना हसू आलं. काकांनी मान खाली घातली, पण कागद बघितले. नाव तिचं होतं. पत्ता वरच्या हिरव्या दाराचा होता.

"काका," फाईलला रबर लावत ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मामांना विचारलं असतंत, या घरात आणखी कोण राहतं, तर?"

"त्यांनी काहीतरी थाप मारली असती."

"मारली असती. पण तुम्ही लगेच विश्वास ठेवला नसतात. तुम्ही तर कुणावरच ठेवत नाही."

 ती उत्तरासाठी थांबली नाही. घड्याळात पावणेचार झाले होते, अर्जाची खिडकी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती आणि बस सुटली की पुढची अर्ध्या तासाने. फाईल छातीशी धरून ती दोन-दोन पायऱ्या टाकत खाली उतरत होती, आणि पेटी सावरत काका तिच्यामागून, जमेल तितक्या घाईने.